पेढीच्या पायरीवर पदवीधर

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मुंबईच्या काळबादेवीत एखाद्या जुन्या पेढीवर डोकावून पाहिले, तर गादीवर नवी लाल चोपडी ठेवलेली दिसते. तिच्यावर कुंकवाने स्वस्तिक काढलेले असते, पहिल्या पानावर 'श्री' असते, 'शुभ' आणि 'लाभ' असतात आणि भोवती घरची सारी माणसे बसलेली असतात. यांतला 'घरची' हा शब्द महत्त्वाचा. पेढीवर शेठजींचा मुलगा बसे, पुतण्या बसे, जावई बसे. मुनीम असे तोही बहुधा बापापासून त्याच पेढीच्या मिठावर वाढलेला. बाहेरच्या एखाद्या मुलाने पायरी चढून यावे, 'मला हिशेब येतो, ठेवून घ्या' म्हणावे आणि त्याच्या हाती तिजोरीची किल्ली पडावी, ही गोष्ट त्या जगात बसण्यासारखीच नव्हती. हिशेब काय, पुष्कळांना येतो. पेढी विचारी तो प्रश्न एकच : याला जामीन कोण?

आज तालुक्याच्या गावचा, शिक्षकाचा नाहीतर एस. टी. कंडक्टरचा मुलगा बी. कॉम. होतो, परीक्षा देतो आणि ज्या गावात त्याला ओळखणारे कुत्रेही नाही अशा गावच्या मोठ्या बँकेत अधिकारी म्हणून जाऊन बसतो. थोड्याच दिवसांत तिजोरीच्या दोन किल्ल्यांपैकी एक त्याच्या खिशात येते. आपल्याला यात काही नवल वाटत नाही. पण हा परक्या पोरावरचा विश्वास आपोआप आलेला नाही. तो यायला शंभरावर वर्षे लागली, दोन-चार बँका बुडाव्या लागल्या आणि पुष्कळ हुशार माणसांचा जन्म कारकुनीत गेला. त्याचीच ही हकिकत.

मुंबईत 'बँक ऑफ बॉम्बे' उघडली ती १८४० साली. कलकत्त्याला तशी बँक शतकाच्या आरंभापासून होती, मद्रासला १८४३ त झाली. या तिघींना इलाखा बँका म्हणत. त्यांचा कारभार तीन मजली होता असे म्हटले तरी चालेल. वरच्या मजल्यावर साहेब. मधल्या मजल्यावर खतावण्या लिहिणारे हिंदी कारकून. आणि खाली, प्रत्यक्ष पैशाजवळ, एक निराळेच संस्थान : खजिनदाराचे.

हा खजिनदार म्हणजे पगारी नोकर खरा, पण नुसता नोकर नव्हे. तो पैशाच्या घराण्यातला असायचा. नेमणुकीपूर्वी त्याने बँकेकडे भरभक्कम तारण ठेवायचे, आणि मग रोकडखाते सर्वस्वी त्याच्या ताब्यात. हाताखालचे पोतदार तोच आणी, तोच काढी. रुपया दगडावर वाजवून खरा-खोटा ओळखणे, थैल्या मोजणे, शिक्कामोर्तब करणे ही पोतदारांची कामे. खोटे नाणे आत आले, थैलीत दहा रुपये कमी भरले, एखादा पोतदार रक्कम घेऊन परागंदा झाला, तर भरपाई खजिनदाराच्या तारणातून. साहेबाने डोके लावायचे कारण नव्हते. पोतदार आणि पारखी ही आडनावे आपल्यांत आजही आहेत. त्यांच्या मागे असा नाणी पारखण्याचा धंदा उभा आहे. बँक इंग्रजी पद्धतीची होती, पण तिच्या तळघरात जुनी पेढीच नांदत होती.

मग वरच्या मजल्यावरच्या साहेबाला जामीन कोण होता? त्याचे साहेब असणे, हाच त्याचा जामीन. तो जामीन किती टिकाऊ होता याचा निकाल १८६५ साली लागला. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस थांबला, लँकेशायरच्या गिरण्या हिंदी कापसावर धावल्या आणि मुंबईत सोन्याचा पूर आला. नव्या कंपन्या, नव्या बँका, समुद्र हटवून जमीन करण्याच्या योजना. आणि या सगळ्यांच्या मध्यभागी प्रेमचंद रायचंद. बँक ऑफ बॉम्बेचा सेक्रेटरी ब्लेअर साहेब प्रेमचंदांच्या शब्दावर कर्जे देत सुटला. युद्ध संपले, कापूस कोसळला, शेअर कागदाच्या मोलाचे झाले. बँकेचे भांडवल दोन कोटींच्या वर होते, त्यांतले बहुतेक सगळे बुडाले. १८६८ त तिला टाळे लागले आणि त्याच साली त्याच नावाची नवी बँक उभी करावी लागली. चौकशीला आयोग बसला. आश्चर्य असे, की पोतदारांच्या दहा-दहा रुपयांना तारण घेणाऱ्या या बँकेने कोटींचा व्यवहार मात्र एका साहेबाच्या सहीवर मोकळा सोडला होता.

या गोष्टीला एक शेपूट आहे, ते सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. भरभराटीच्या दिवसांत प्रेमचंदांनी मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मनोऱ्यासाठी दोन लाख रुपये दिले होते. मनोऱ्याला त्यांच्या आईचे नाव दिले गेले. १८७८ साली तो राजाबाई टॉवर पुरा झाला. म्हणजे ज्यांच्या कर्जांनी मुंबईची पहिली मोठी बँक बुडाली, त्यांच्याच देणगीतल्या घड्याळाच्या ठोक्यांवर मुंबईचे पदवीधर पुढे अभ्यास करू लागले!

आणि पदवीधर होऊ लागले होतेच. विद्यापीठ १८५७ चे. पहिले बी. ए. झाले १८६२ त. त्यांत महादेव गोविंद रानडे होते, रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. रानड्यांनी पुढे अर्थशास्त्रावर जे लिहिले ते आजही आदराने वाचले जाते. पण रानडे न्यायासनावर गेले, भांडारकर अध्यापनात गेले. त्यांच्या पाठचे वकिलीत, मामलेदारीत, शाळांत गेले. बँकेत कोणी गेले नाही, कारण बँकेला पदवीधर नकोच होता. तिला हवा होता वळणदार अक्षराचा, बेरीज न चुकणारा, तोंड बंद ठेवणारा मॅट्रिकच्या आसपासचा मुलगा. शेक्सपियर वाचलेला माणूस खतावणी लिहिताना डुलक्या घेईल, अशी साहेबाची समजूत असावी. आणि पदवीधर घेतलाच, तरी त्याला वरच्या मजल्याचा जिना नव्हता.

येथे एक मौज लक्षात ठेवण्यासारखी आहे. ज्या साहेबांच्या हाताखाली हे कारकून बसत, ते साहेब स्वतः तरी कुठे पदवीधर होते! पूर्वेकडे व्यापार करणाऱ्या लंडनच्या मोठ्या बँका शाळा सोडलेली सतरा-अठरा वर्षांची पोरे उचलीत, त्यांतली पुष्कळशी स्कॉटलंडची. दोन-तीन वर्षे लंडनच्या कचेरीत टपाल, रोकड, खतावणी अशी खाती फिरवीत आणि मग बोटीत बसवून मुंबई, कलकत्ता, शांघाय, हाँगकाँगला रवाना करीत.

असाच एक मुलगा १९०० साली लंडनच्या हाँगकाँग अँड शांघाय बँकेत लागला. १८८१ सालचा जन्म. त्याला ऑक्सफर्डला जायचे होते, पण वडिलांची ऐपत पुरेना. वडील हाँगकाँगला न्यायाधीश होते आणि त्यांचे निवृत्तिवेतन मिळे रुपयांत! चांदीचा भाव घसरत होता, त्याबरोबर रुपयाची पौंडांतली किंमत वरखाली होत होती, आणि धाकट्या मुलाचे कॉलेज त्या रुपयाखाली चिरडले गेले. थोरला मात्र ऑक्सफर्डला गेला आणि पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात इंग्रजी शिकवू लागला. धाकट्याला बँकेत काडीचे समजेना. दोन वर्षे कशीबशी काढून, पूर्वेकडे पाठवणी होण्याच्या आतच त्याने राजीनामा दिला आणि लिखाणावर पोट भरायचे ठरवले. त्या मुलाचे नाव पी. जी. वुडहाउस. बँकेतल्या त्या दोन वर्षांवर त्याने १९१० साली 'स्मिथ इन द सिटी' ही कादंबरी लिहिली. तीत नवशिक्या बँकवाल्याची जी तारांबळ आहे, ती आमच्याकडचा कोणीही नवा अधिकारी वाचून ओळखील.

त्याच १८८१ साली मुंबईत एक पारशी मुलगा जन्मला. तोही विसाच्या आसपास असताना पूर्वेकडच्या दुसऱ्या एका इंग्रजी बँकेत, चार्टर्ड बँकेत लागला. पण वुडहाउस नकोशा वाटणाऱ्या ज्या खुर्चीवरून उठून गेला, तिच्यावर बसून अधिकारी होण्याचा मार्ग या मुलाला, तो कितीही हुशार असला तरी, उघडा नव्हता. त्याला कारकुनाची खुर्ची. तिच्यावर बसून त्याने लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ बँकर्सच्या परीक्षेचा अभ्यास केला, आणि ती परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्या अगदी पहिल्या हिंदी माणसांत त्याची गणना झाली. पुढे तो नव्यानेच निघालेल्या बँक ऑफ इंडियात गेला. तेथेही वरचे साहेब आणि आपण यांच्यातले अंतर त्याला सलत राहिले. शेवटी १९११ च्या डिसेंबरात, वयाच्या तिसाव्या वर्षी, त्याने स्वतःचीच बँक काढली. अध्यक्ष सर फिरोजशहा मेहता, व्यवस्थापक आपण. ती सेंट्रल बँक ऑफ इंडिया, आणि तो मुलगा म्हणजे सर सोराबजी पोचखानवाला. हिंदी मालकीची आणि हिंदी माणसांनीच चालवलेली बँक म्हणून तिचा लौकिक झाला.

वुडहाउस आणि पोचखानवाला यांची गाठ कधी पडली नाही. पण हे दोन समवयस्क शेजारी शेजारी ठेवून पाहिले, म्हणजे त्या काळच्या बँकेचा न्याय कळतो. बँकेत मन नसलेल्या मुलासमोर अधिकाऱ्याची वाट आपण होऊन अंथरलेली, आणि ज्याचे सारे चित्त बँकेत त्याला वाट हवी तर नवी बँक काढावी लागे.

पोचखानवालांच्या उदाहरणाने एक गोष्ट मात्र झाली. बँकेचे काम हे शिकण्याचे शास्त्र आहे, त्याला परीक्षा असू शकते, ही कल्पना मुंबईत रुजली. १९१३ च्या ऑक्टोबरात सिडनहॅम कॉलेज निघाले. वाणिज्याची पदवी देणारे आशियातले हे पहिले कॉलेज समजतात. मुहूर्त मोठा विलक्षण लागला. कॉलेज उघडून महिना होतो न होतो, तोच नोव्हेंबरच्या अखेरीस मुंबईची इंडियन स्पीशी बँक चांदीच्या सट्ट्यात बुडाली. त्याआधी लाहोरची पीपल्स बँक गेली होती. पुढच्या वर्षा-दीड वर्षांत देशी बँका पत्त्यांच्या बंगल्यासारख्या कोसळल्या. स्वदेशीच्या भरात भांडवल गोळा झाले होते, उत्साह होता. काम जाणणारी माणसे नव्हती. शिकलेला बँकवाला का हवा, याचा पहिला धडा सिडनहॅमच्या विद्यार्थ्यांना वर्गाबाहेर रस्त्यावरच मिळाला.

याच कॉलेजात १९१८ पासून दोनेक वर्षे डॉ. बाबासाहेब आंबेडकर अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. ज्या रुपयाच्या चढउताराने वुडहाउसचे कॉलेज हुकले, त्याच रुपयाच्या प्रश्नावर त्यांनी लंडनला प्रबंध लिहिला, तो १९२३ त प्रसिद्ध झाला. आणि १९२५ साली चलनविषयक हिल्टन यंग आयोगापुढे साक्षही दिली. बँकेच्या दारावर तेव्हा जात आणि कातडी या दोन्ही पाट्या होत्या. रुपयाचे शास्त्र अशा एका माणसाने लिहावे, की ज्याच्या समाजातल्या मुलाला पेढीच्या पायरीवर उभे राहू दिले नसते, याकडे आपले इतिहासकार अजून पुरेसे वळलेले नाहीत.

पदवीची किंमत विलायतेतही तेव्हा फारशी नव्हती म्हणा. हार्वर्डला शिकलेला, तत्त्वज्ञानावर प्रबंध लिहिलेला एक अमेरिकन तरुण १९१७ साली लंडनच्या लॉइड्झ बँकेत चिकटला तो सालिना १२० पौंडांवर. परदेशी हिशेब आणि कागदपत्रे वाचण्याचे काम त्याच्याकडे असे. तो टी. एस. इलियट. आठ वर्षे त्याने बँकेत काढली, आणि 'द वेस्ट लँड' प्रसिद्ध झाले तेव्हा तो रोज सकाळी बँकेतच जात होता.

आपल्याकडे १९२१ त तिन्ही इलाखा बँका एक होऊन इंपीरियल बँक झाली. पहिल्या पाच वर्षांत शंभर नव्या शाखा उघडायच्या, असे तिच्यावर बंधन होते. शंभर शाखांना शंभर एजंट पाहिजेत, त्यांच्या हाताखाली अकौंटंट पाहिजेत. एवढे साहेब आणायचे कुठून, आणि परवडायचे कसे? मोठ्या मनाने दार उघडले गेले असे कोणी समजू नये. शाखा वाढल्या, साहेब पुरेनासे झाले, कायदेमंडळात हिंदीकरणाची ओरड सुरू झाली. तेव्हा हिंदी पदवीधरांना प्रोबेशनर, म्हणजे उमेदवार अधिकारी म्हणून थोडथोडे आत घेण्यात आले. १९२८ त इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ बँकर्स निघून परीक्षांची सोय इथेच झाली. १९३५ त रिझर्व्ह बँक आली आणि आठ वर्षांनी तिच्या गव्हर्नरपदी चिंतामणराव देशमुख आले. पुण्यात तर अर्थशास्त्राचे प्राध्यापक वामन गोविंद काळे आणि डी. के. साठे यांनी १९३५ साली बँक ऑफ महाराष्ट्र स्थापली. फळ्यावर बँक शिकवणाऱ्या माणसाने बँक चालवून दाखवण्याचे हे धाडस पुण्यालाच सुचावे.

स्वातंत्र्याच्या आगेमागे कारकुनांची संघटना झाली, संप झाले, लवाद बसले. सेन निवाडा, शास्त्री निवाडा, त्यांत सरकारने केलेला फेरफार, त्याच्या निषेधार्थ १९५४ त मजूरमंत्री गिरींचा राजीनामा, मग न्यायमूर्ती राजाध्यक्षांचा आयोग, त्यांच्या निधनानंतर न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांनी १९५५ त दिलेला अहवाल. हा सारा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. आपल्यापुरते एवढेच, की या निवाड्यांत पदवीधर कारकुनाला जादा वेतनवाढी देण्याचे तत्त्व मान्य झाले. पदवीला बँकेच्या पगारपत्रकात प्रथमच आकडा मिळाला.

खरा पालट झाला तो १ जुलै १९५५ ला. त्या दिवशी इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली. त्यामागे गोरवाला समितीची ग्रामीण पतपाहणी होती; आपले धनंजयराव गाडगीळ त्या समितीत होते. पाहणीत दिसले असे, की १९५१-५२ साली शेतकऱ्याने काढलेल्या कर्जात व्यापारी बँकांचा वाटा शेकडा ०.९, म्हणजे शंभर रुपयांत एक रुपयाही नाही. बाकीच्यातला मोठा वाटा सावकाराचा. म्हणून स्टेट बँकेला पाच वर्षांत चारशे नव्या शाखा काढण्याचा आदेश मिळाला, आणि तो तिने पाळला. पुन्हा तेच गणित : चारशे गावे, चारशे किल्ल्या. पण आता साहेब नव्हते. देशभरातून पदवीधर मुले परीक्षा आणि मुलाखत घेऊन निवडली जाऊ लागली.

या मुलांची उमेदवारी कशी असे, ते सांगितले पाहिजे, कारण पदवीचा जामीन खरा होतो तो तिथे. कोट-टाय घालून पहिल्या दिवशी आलेल्या गणिताच्या एम. ए. ला रोकडखात्यात मोजणाऱ्यांच्या शेजारी बसवीत. नोटा मोजून मोजून अंगठ्याची साल निघे. पुढे टपाल, हुंड्या, धनादेशांचे क्लिअरिंग, मग खतावण्या. महिन्याच्या अखेरीला प्रत्येक खतावणीची बेरीज मुख्य खात्याशी जुळलीच पाहिजे. नाही जुळली तर सगळे रात्री बसणार. तिथे म्हातारा हेडक्लार्क या नव्या साहेबाला शहाणपण शिकवी : फरक आधी नवाने भागून बघा. निःशेष भाग गेला तर कोणीतरी आकडे उलटे लिहिलेत. ४,५०० च्या जागी ५,४०० पडले, की फरक ९००. विद्यापीठात अंकशास्त्र शिकून आलेल्या मुलाला ही युक्ती कोणी सांगितलेली नसे, आणि सिद्ध करून दाखवायला तो लगेच कागद ओढी. हेडक्लार्क म्हणे, 'साहेब, सिद्ध मागाहून करा, आधी सापडवा.' ३० जून आणि ३१ डिसेंबर ही सहामाहीची अखेर. हजारो खात्यांचे व्याज हाताने काढायचे. त्या रात्री बँकेतले दिवे विझत नसत, आणि घरी नवी सूनबाई जेवणाचे ताट झाकून बसलेली असे.

मग येत असे सहीचा दिवस. बँकेत अधिकाऱ्यांच्या सह्यांचे एक पुस्तक असते. त्यात या मुलाची सही छापली जाई आणि शाखाशाखांना जाई. त्या दिवसापासून त्याने सही केलेला ड्राफ्ट गौहत्तीला असो की भूजला, न विचारता वटे. आणि मग किल्ली. तिजोरीच्या खोलीला कुलपे दोन, किल्ल्या दोन, माणसे दोन. एकट्याला ते दार उघडत नाही. ही योजना ज्याने काढली त्याला मनुष्यस्वभावाचे ज्ञान पुरते होते. विश्वास ठेवायचा, पण निम्मा. शंभर वर्षांपूर्वी खजिनदाराच्या घराण्याचे तारण लागे. इथे दोन परक्या माणसांना एकमेकांचे जामीन करून ठेवले आहे.

वर्ष-दोन वर्षांत या मुलाची तालुक्याच्या शाखेत बदली होई, आणि तिथे एक गमतीची गोष्ट घडे. आपण स्वतः कोणाच्या ओळखीवाचून बँकेत शिरलेला हा पदवीधर, समोर बसलेल्या शेतकऱ्याला पहिला प्रश्न विचारी : जामीन कोण? तारण काय? त्यालाही ते जाणवत असेल. बँकेलाही जाणवले म्हणायचे, कारण १९६७ च्या सुमारास तंत्रशिक्षण घेतलेल्या होतकरू कारखानदारांना, त्यांच्यापाशी मालमत्ता नसली तरी, त्यांच्या शिक्षणाकडे आणि योजनेकडे पाहून कर्ज देण्याची योजना स्टेट बँकेने काढली. पदवीवर नोकरी मिळत होतीच. आता पदवीवर भांडवल मिळू लागले.

१९ जुलै १९६९ ला चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि हीच कहाणी दसपट वेगाने घडू लागली. देशात तेव्हा शाखा होत्या ८,२६२. १९८० साली त्या ३२,००० च्या वर गेल्या. खासगी बँकांत तोपर्यंत पुष्कळशी भरती ओळखीपाळखीने, जातभाईंतून, संचालकांच्या चिठ्ठीवर होई. पेढीचाच तो मोठा अवतार. आता भरती मंडळे आली, लेखी परीक्षा आल्या, अनुसूचित जाती-जमातींसाठी राखीव जागा आल्या. गावोगावच्या वाचनालयांत मुले सामान्यज्ञान घोकू लागली. चिठ्ठीवाल्यांची अडचण झाली, आणि ज्यांच्या घरी चिठ्ठी लिहिणारे कोणी नव्हते त्यांची सोय झाली.

पण पदवीधराची खरी कसोटी परीक्षेच्या दालनात लागत नाही. राजकुमार तलवार हे लाहोरला गणित शिकलेले गृहस्थ. १९४३ साली इंपीरियल बँकेत उमेदवार अधिकारी म्हणून लागले, बँकेच्याच पायऱ्या चढत १९६९ त स्टेट बँकेचे अध्यक्ष झाले. आणीबाणीच्या काळात एका सिमेंट कंपनीचे प्रकरण बँकेपुढे आले. कंपनी गैरकारभाराने खिळखिळी झाली होती. बँकेने सांगितले, मदत करू, पण आधी मुख्य चालक बदला. त्या चालकाचे संबंध थेट संजय गांधींपर्यंत होते. अट मागे घ्या, असा वरून निरोप आला. तलवार नाही म्हणाले. राजीनामा द्या, असे सुचवण्यात आले. तेही नाही म्हणाले. सरकारने कायदा काढून पाहिला, तर अध्यक्षाला कारणावाचून घालवण्याची त्यात सोयच नव्हती. मग १९७६ साली कायदाच बदलण्यात आला आणि त्या वर्षीच्या ऑगस्टात तलवार आपल्या दालनातून बाहेर पडले. ही हकिकत सविस्तर लिहून ठेवली ती नारायणन वाघुल यांनी. ते स्वतः १९५७ साली स्टेट बँकेत प्रोबेशनर म्हणूनच लागले होते, आणि पुढे बँक ऑफ इंडियाचे आणि आयसीआयसीआयचे प्रमुख झाले. एका प्रोबेशनरने दुसऱ्या प्रोबेशनरची ठेवलेली ही नोंद आहे.

तलवार गेल्याच्या दुसऱ्याच वर्षी, १९७७ त, कलकत्त्याची एक विशीतली मुलगी परीक्षा देऊन त्याच बँकेत प्रोबेशनरी ऑफिसर झाली. शिक्षण इंग्रजी साहित्याचे. जुन्या साहेबाला दुहेरी झटका बसला असता : एक तर बाई, त्यात शेक्सपियर वाचलेली! अरुंधती भट्टाचार्य २०१३ साली स्टेट बँकेच्या अध्यक्ष झाल्या, आणि दोनशे वर्षांच्या परंपरेत त्या खुर्चीवर बसलेल्या त्या पहिल्या स्त्री. जुन्या पेढीवर वहीपूजनाला घरच्या लक्ष्मीचा मान असे, वही उघडण्याचा नसे.

भरती मंडळे २००१ त संपली. २०११ पासून बहुतेक सरकारी बँकांची सामायिक परीक्षा होते, स्टेट बँक आपली वेगळी घेते, आणि दोन्हींना लाखो मुले बसतात. नवाने भागण्याची युक्ती संगणकाने निकामी केली. दोन किल्ल्यांची मात्र अजून चालते, आणि संगणकातही एकाने नोंद करायची व दुसऱ्याने मंजूर करायची अशी तिची प्रतिकृती झाली आहे. प्रोबेशन दोन वर्षांचेच राहिले आहे. आणि स्टेट बँकेत निवड झालेल्या मुलाकडून अलीकडच्या वर्षांत रुजू होताना एक करारपत्र लिहून घेतात : किमान तीन वर्षे नोकरी करीन, मध्येच सोडली तर बँकेला दोन लाख रुपये भरीन. पूर्वी खजिनदार पळून जाईल म्हणून तारण घेत. आता अधिकारी दुसऱ्या बँकेत पळून जाईल म्हणून घेतात.